खिंडीत गाडी रुसली तर...

लडाख-स्पितीच्या सहलीला स्वतःची गाडी घेऊन निघणाऱ्या मराठी कुटुंबांची आता नवलाई राहिलेली नाही. हॉटेलांचं बुकिंग, परवाने, कॅमेरे, भाकरवडी-चिवड्याचे डबे अशी सगळी जय्यत तयारी असते. पण गॅरेज शंभर किलोमीटरवर, मोबाइलला रेंज नाही आणि ऊन कलू लागलं आहे, अशा वेळी गाडी बंद पडली तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

हिमाचल प्रदेशात तांदी नावाचं एक छोटंसं गाव आहे. चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा इथे संगम होतो. संगमानंतर नदीचं नाव चंद्रभागा! मराठी माणसाचे हात आपसूक जोडले जावेत असं नाव. पण ही पंढरीची नव्हे, पुढे चिनाब म्हणून ओळखली जाणारी. तांदी आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या पेट्रोल पंपावर कित्येक वर्षं एक पाटी होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मनालीहून लेहला निघालेला प्रत्येक जण त्या पाटीपाशी फोटो काढायचा, टाकी भरायचा आणि पुढे सुटायचा.

पाटी पेट्रोलबद्दल सांगायची. खरं तर तिच्यात बरंच काही अध्याहृत होतं. पुढच्या टप्प्यात बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि तंगलांग ला अशा खिंडी लागतात (ला म्हणजे तिबेटी भाषेत खिंड). यातली तंगलांग ला समुद्रसपाटीपासून ५,३०० मीटरच्याही वर. मध्ये सरचू आणि पांग इथे उन्हाळ्यापुरते तंबू-ढाबे, लष्कराच्या छावण्या आणि मोरे प्लेन्सचं अफाट पठार. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगचा घाट टळला. त्यामुळे या भागात पोचणं सोपं झालं. तिथे बंद पडलेली गाडी सुरू करणं मात्र होतं तितकंच अवघड आहे.

पुण्या-मुंबईजवळच्या घाटात गाडी बंद पडली की प्रश्न गाडीचा असतो. फोन करायचा, चहा घ्यायचा, टोइंगवाल्याची वाट बघायची. साडेचार हजार मीटरवर तीच गोष्ट घडली की प्रश्न गाडीत बसलेल्या माणसांचा होतो. हा फरक ज्याच्या लक्षात आला, त्याची निम्मी तयारी झाली. बाकीची निम्मी पान्या-पक्कडीची.

आधी माणसं, मग बॉनेट

गाडी आचके देऊ लागली की आपला पहिला उद्योग ठरलेला. जिथे असू तिथे थांबायचं आणि बॉनेट उघडायचं. डोंगरात हे चालत नाही. वरून दगड सुटलेली उतरंड, आंधळं वळण आणि ओढ्याचं पात्र या तीन जागा सोडून थांबा. गाडीत थोडीशी जरी धुगधुगी असली तरी शे-दोनशे मीटर रेटत न्यावी. (तेलाचा लाल दिवा लागला असेल तर मात्र अजिबात नाही. त्याबद्दल पुढे.) इंडिकेटर चालू, हँडब्रेक वर, चाकामागे मोठा धोंडा. मागच्या बाजूला चांगलं पन्नास पावलं अंतर सोडून लाल त्रिकोण. त्रिकोण नसेल तर आपल्याकडे रस्त्यात दगड मांडायची पद्धत आहे. हरकत नाही, पण निघताना ते दगड उचला हो! गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतात.

त्यानंतर बॉनेट नव्हे, डिकी उघडा. स्वेटर, कानटोप्या, मोजे आधी सगळ्यांच्या अंगावर चढू देत. दुपारी उन्हात टी-शर्टवर फिरणाऱ्या माणसाला या भागात संध्याकाळी दात वाजवायला लागतात. इंजिनात डोकं घालून बसलेल्या कुटुंबप्रमुखाला मागच्या सीटवरचा नातू काकडतो आहे, हे कळतही नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. पाच हजार मीटरवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू मुंबईच्या तुलनेत जेमतेम निम्मा असतो. त्या उंचीवर चाक बदलणं म्हणजे जिने चढत चढत चाक बदलण्यासारखं. गाडी ढकलण्याची मर्दुमकी तर नकोच. दोन नट सैल करा, दम घ्या, पाणी प्या, मग पुढचे दोन. कोणाचं डोकं ठणकत असेल, उलट्या होत असतील किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, तर त्या माणसाला पहिल्या मिळेल त्या वाहनातून खाली, कमी उंचीवर पाठवा. सोबतीला एक जण द्या. गाडीची दुरुस्ती होईपर्यंत थांबू, असं म्हणू नका. गाडी दोन दिवस तिथे उभी राहिली तरी तिला काही होत नाही.

चालत निघू नका!

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तास गेला, दोन तास गेले, एकही वाहन आलं नाही. अशा वेळी घरातला कोणी तरी धडधाकट पुरुष उठतो आणि म्हणतो, ‘मी पुढे चालत जाऊन बघतो. तुम्ही बसा.’ त्याला बसवून ठेवा.

अमेरिकेतली एक घटना यासाठी मुद्दाम सांगायला हवी. नोव्हेंबर २००६. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा जेम्स किम हा पत्रकार पत्नी आणि दोन लहान मुलींना घेऊन ओरेगन राज्यातल्या डोंगरांतून जात होता. रात्री चुकीचा रस्ता लागला, बर्फानं वाट अडवली. कुटुंब गाडीतच राहिलं. धाकटी मुलगी तर अंगावर पिणारी. गाडीतलं पेट्रोल पुरवून पुरवून हीटर चालवला, ते संपल्यावर टायर जाळून ऊब आणि धूर केला. मदत येईना. आठवडा झाला तेव्हा, २ डिसेंबरला, किम मदत शोधायला पायी निघाला. दोनच दिवसांनी हेलिकॉप्टरला गाडी दिसली, आई आणि दोन्ही मुली वाचल्या. किमचा मृतदेह ६ डिसेंबरला एका ओढ्याच्या घळीत सापडला. थंडीनं त्याचा घास घेतला होता.

त्यानं बायकामुलींसाठी जे केलं त्याला नावं ठेवण्याचा इथे हेतू नाही. त्याच्या जागी आपण असतो तर बहुधा आपणही तेच केलं असतं, म्हणून तर सांगायचं. आकाशातून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते. गाडीला पत्रा आहे, काचा आहेत, आरसे आहेत, दिवे आहेत, हॉर्न आहे. वाऱ्यापासून आणि थंडीपासून आडोसा देणारं तेवढं एकच घर त्या माळावर असतं.

उन्हातही हिशोब हाच. ऑस्ट्रेलियात १९६३ च्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, पेज नावाचं पाच जणांचं कुटुंब बर्ड्सव्हिलच्या वाळवंटी वाटेवर पेट्रोल संपून अडकलं. ते गाडी सोडून निघाले आणि पाचही जण तहानेनं गेले. तिथल्या ओसाड भागात जाणाऱ्याला आजही पहिला धडा दिला जातो तो गाडी न सोडण्याचा. राजस्थानच्या वाळवंटात किंवा कच्छच्या रणात जाणाऱ्यांनीही तो पाठ करून ठेवायला हरकत नाही.

मग चालत जायचंच नाही का? जायचं, पण मुक्काम डोळ्यांना दिसत असेल किंवा येताना मागे दोन-तीन किलोमीटरवर ढाबा, छावणी, रस्त्याचं काम करणारे मजूर पाहिलेले असतील तरच. उजेड भरपूर शिल्लक हवा, जाणारे दोघं हवेत आणि वाट सोडून ‘शॉर्टकट’ घ्यायचा नाही. किती वाजता, कुठे, कोण गेलं, याची चिठ्ठी गाडीत ठेवायची. एरवी आपण जागेवर राहायचं आणि निरोप धाडायचा. आपल्या हिमालयी रस्त्यांवर सुदैवानं ट्रक, लष्कराचे ताफे आणि सीमा सडक संघटनेच्या गाड्या ये-जा करत असतात. उन्हाळ्यात दिवसाउजेडी तासन्‌तास कोणीच फिरकलं नाही, असं मुख्य रस्त्यावर सहसा होत नाही. डोंगरातला ट्रकवाला थांबतो. हात केला नाही तरी थांबून विचारतो, असा अनुभव तिकडे जाऊन आलेले बहुतेक जण सांगतील. त्याच्याजवळ चिठ्ठी द्या. तोंडी निरोप तीन ढाबे ओलांडेपर्यंत काहीचा काही होतो. चिठ्ठीत गाडीचा नंबर, रंग, जागा (जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा उत्तम), माणसं किती, कोणी आजारी आहे का आणि गाडीला काय झालंय, एवढं असलं की पुरे.

फोनचं काय?

फोनवर विसंबून राहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपल्याकडचं प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. कुटुंबातला निदान एक फोन पोस्टपेड हवा. दुसरं, परदेशी पुस्तकांत हमखास दिलेला सल्ला म्हणजे सॅटेलाइट फोन जवळ बाळगा. आपल्याकडे हा सल्ला अंगाशी येईल! परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं भारतात बेकायदा आहे आणि अशा यंत्रांपायी विमानतळावर अडकलेल्या परदेशी पाहुण्यांच्या बातम्या अधूनमधून छापून येत असतात.

रेंजची एखादी काडी येत-जात असेल तर फोन लावत बसू नका, एसएमएस टाका. बोलण्याइतका सिग्नल नसतो तिथूनही छोटा मजकूर निसटून जातो. वर सांगितलेल्या किम कुटुंबाचा शोध योग्य डोंगरापर्यंत पोचला तो त्यांच्या फोननं एका टॉवरशी क्षणभर साधलेल्या अशाच संपर्कामुळे. मोबाइल कंपनीच्या इंजिनीअरांनी नोंदी चाळून तो हुडकून काढला होता. आणीबाणीसाठी देशभर ११२ हा क्रमांक आहे. एकाच फोनची बॅटरी वापरा, बाकीचे बंद करून अंगाजवळ, कपड्यांच्या आत ठेवा. थंडीत बॅटऱ्या भराभर मान टाकतात.

कसला डाग पडलाय?

माणसांची सोय लागली की आता गाडीकडे वळू. पुढे लिहिलेलं वाचून कोणी मेकॅनिक होणार नाही, पण निदान घोटाळा वाढणार नाही. आधी गाडीखाली वाका आणि जमिनीवर काय ठिबकलंय ते बघा. स्वच्छ पाणी असेल तर ते बहुधा एसीचं, चिंता नको. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. काळं-तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, बुळबुळीत, पिवळसर ओघळ असेल आणि ब्रेकचं पेडल खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल. ते गळत असेल तर गाडी हलवायची नाही, मग बाकी सगळं कितीही ठणठणीत असो.

खडकाळ रस्त्यावर सर्वांत जास्त धास्ती चेंबरची. खालून ‘ठण्ण’ असा आवाज आला की फिटर मंडळी आधी तेच विचारतात, ‘चेंबर तर नाही ना फुटला?’ इंजिनाच्या पोटाशी असलेल्या या टोपात सगळं तेल असतं. त्याला चीर गेली की तेल रस्त्यावर आणि इंजिन कोरडं. तेलाच्या चंबूचं लाल चित्र पेटलं त्या क्षणी किल्ली बंद करा. ‘पुढच्या वळणापर्यंत’ हे शब्द इथे लाखभराला पडू शकतात, कारण तेलाविना इंजिन जाम व्हायला काही मिनिटं पुरतात. आवाज आला पण दिवा लागला नाही, तरीही सपाट जागी थांबून खाली वाकून पाहाच. आलेल्या वाटेवर तेलाची माळ दिसते का, तेही बघा.

चीर लहान असेल तर उपाय आहे आणि तो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दोन वड्या एकत्र मळून लावायचं एम-सील. तेल निथळू द्या, जागा फडक्यानं कोरडी पुसा, पॉलिश पेपरनं खरवडा आणि मळलेली लांबी दाबून बसवा. सुकायला वेळ लागतो, थंडीत जास्तच. तेवढा वेळ द्या आणि मग जवळचं तेल भरा. म्हणून तीन-चार लिटर इंजिन ऑइल, तेही आपल्याच गाडीच्या ग्रेडचं, बरोबर हवं. पेट्रोलच्या टाकीला दगड लागून झिरपत असेल तर आपल्या जुन्या ड्रायव्हर लोकांचा इलाज आजही लागू पडतो: कपडे धुण्याच्या साबणाची वडी चिरेवर घासून घासून भरायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. अर्थात आजूबाजूला कोणी विडी-सिगरेट ओढत नाही ना, हे पाहून!

गाडी गरम झाली असेल तर रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी कोणी ना कोणी हात भाजून घेतं. उंचावर हा धोका अधिक, कारण पाच हजार मीटरवर साधं पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणानं धरलेला दाब सुटला की आतलं सगळं कारंजं होऊन तोंडावर. काटा नुसता चढत असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण जोरात सोडा (होय, हीटर! तो इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो) आणि गाडी वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून उभी करा. कूलंट गळत असेल तर मात्र इंजिन लगेच बंद. अर्ध्या-पाऊण तासानं, हात लावता येईल इतकं निवल्यावर झाकण उघडायचं. होज पाइप फुटला असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या की पुढच्या वस्तीपर्यंत निभावतं. कूलंट संपलं म्हणून ओढ्याचं पाणी भरलंत तर रात्री आठवणीनं काढून टाका किंवा पुढच्या मुक्कामी कूलंट भरा. सरचूसारख्या ठिकाणी रात्री साध्या पाण्याचा बर्फ होतो, आणि बर्फ फुगून रेडिएटरच नव्हे तर इंजिनाचा ब्लॉकही तडकवू शकतो. संध्याकाळी दुरुस्त केलेली गाडी सकाळी कायमची बिघडलेली सापडते, ती अशी.

जळक्या वासाचं कारण बहुतेक वेळा क्लच. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवण्याची शहरी सवय इथे महागात पडते. अर्धा तास थंड होऊ द्या, जमणाऱ्यांना उतरवून हळूहळू चढ चालायला लावा, ओझं कमी करा आणि पहिल्या गिअरमध्ये एका दमात निघा.

ओढ्यातली गाडी

ग्राम्फूपासून छत्रू, बातल, कुंजुम खिंड आणि लोसर असा सुमारे ऐंशी किलोमीटरचा पट्टा स्पितीत जाणाऱ्यांच्या तोंडी असतो तो त्यातल्या ओढ्यांमुळे. पँगाँगच्या वाटेवरच्या एका ओढ्याचं तर नावच पागल नाला. या ओढ्यांची वेळ सांभाळावी लागते. पाणी हिमनद्यांचं, म्हणजे सूर्य चढेल तसं वितळून वाढणारं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी गुडघ्यावर जातो. त्यामुळे असे टप्पे सकाळीच पार करायचे. दुपारी पोचलात तर एखादा ट्रक कुठून जातो ते पाहून त्याच्या मागोमाग, पहिल्या गिअरमध्ये, पाय न काढता जायचं. आणि पाणी फारच वाटलं तर सरळ मागे फिरून रात्र ढाब्यावर काढायची. बातलच्या ढाब्यात मिळणारा राजमा-भात हे काही शिक्षा म्हणण्यासारखं प्रकरण नाही!

ओढ्याच्या मधोमध गाडी बंद पडलीच तर आपला हात सवयीनं सेल्फ मारायला जातो. तोच हात आवरायचा. इंजिननं हवेच्या वाटेनं पाणी ओढलं असेल तर ते पिस्टनच्या वर साठतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारताच पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ती गाडी ट्रकवर लादूनच खाली आणावी लागते. शिवाय विम्याच्या साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिनासाठी वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं. तेव्हा किल्ली बंद, माणसं आधी काठावर, पाण्याला ओढ असेल तर एकमेकांचे हात धरून. मग दोर लावून गाडी ओढून घ्यायची आणि एअर फिल्टर काढून बघायचा. तो कोरडा असेल, ऑइलच्या काडीवरचं तेल दुधाळ झालेलं नसेल, तरच चालू करून पाहायची.

रेती आणि मऊ मातीची गोष्ट वेगळी. तिथे गाडी अडकते ती बिघाडामुळे नव्हे, चाक गरगर फिरवल्यामुळे. जितका ॲक्सिलरेटर, तितकं चाक खोल. कोकणात ओल्या वाळूत रुतलेल्या आणि भरतीच्या पाण्यात सापडलेल्या गाड्यांची छायाचित्रं दर सुट्टीत वर्तमानपत्रात येतात, त्यांचंही हेच. टायरमधली हवा बत्तीस पाउंडांवरून अठरापर्यंत उतरवा, चाकापुढची माती हातानं उकरा, पायपुसण्या चाकाखाली सरकवा आणि अगदी हळू निघा. पुढे कडक रस्ता लागताच हवा पुन्हा भरायची, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत हवा.

पंक्चर आणि बॅटरी यांबद्दल फार लिहायला नको. जॅक मऊ जमिनीत घुसतो, त्याखाली फळी किंवा चपटा दगड ठेवा आणि नट गाडी उचलण्याआधी सैल करा. जंपर केबल लावताना लाल वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. काढताना उलट क्रमानं. धक्का मारून सुरू होते ती फक्त हातानं गिअर टाकायची गाडी. ऑटोमॅटिकला ढकलून काही उपयोग नाही.

नव्या गाड्यांची नवी दुखणी

जुन्या जीपला पक्कड, तार आणि थोडी शिवीगाळ पुरायची. नव्या गाड्या क्वचित बिघडतात, पण बिघडल्या की कळत नाही काय झालं. काही गाड्यांना आता स्टेपनीच नसते, त्याऐवजी चिकट द्रवाची बाटली दिलेली असते. धारदार दगडानं टायरची बाजू फाटली तर त्या बाटलीचा काडीचा उपयोग नाही. अशा गाडीनं स्पितीला जायचं तर एक पूर्ण चाक टपावर बांधून न्यायला हवं. एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याचशा डिझेल गाड्यांना डिझेलखेरीज डीईएफ नावाचा द्रव लागतो. तो पूर्ण संपला तर चालू गाडी चालते, पण एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. निघण्याआधी तीही टाकी भरा. आणि डिझेल संपून बंद पडलेली गाडी नुसतं डिझेल ओतून सुरू होईलच असं नाही. पाइपात हवा धरते, ती हातपंपानं काढावी लागते. आपल्या गाडीत तो पंप कुठे आहे, आहे की नाही, हे घरच्या गॅरेजवाल्याकडून आधीच शिकून घ्या.

खरं सांगायचं तर निघण्याआधीचा अर्धा दिवस या गॅरेजवाल्यापाशीच घालवावा. बेल्ट, होज पाइप, ब्रेक, बॅटरी त्याच्याकडून तपासून घ्या आणि एकदा स्वतःच्या हातानं चाक बदला. चाकाच्या नटांना चोरीपासून संरक्षण म्हणून खास कुलपी नट लावलेला असतो, त्याची चावी घरच्या कपाटात असते, आणि हे बारालाचाला पोचल्यावर उमगतं!

रात्र गाडीत काढायची वेळ आली तर

जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून चंद्रताल सरोवरापाशी अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले. सुटका व्हायला काही दिवस लागले. जुलैत, बरं का! म्हणजे ‘उन्हाळ्यात कसला बर्फ’ असं म्हणायची सोय नाही. माणशी एक चांगलं पांघरूण, दोन दिवसांचं पाणी आणि न शिजवता खाता येईल असं काही गाडीत असायलाच हवं. भाकरवडी इथे कामाला येते.

रात्री हीटर लावून काचा बंद करून झोपी जाणं हा मात्र मृत्यूला आवतण देण्याचा प्रकार आहे. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी ७ आणि ८ जानेवारी २०२२ ला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. काही थंडीनं, तर काही कार्बन मोनॉक्साइडनं. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं की धूर गाडीच्या खाली आणि आत साठतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. इंजिन चालवायचंच तर आधी उतरून सायलेन्सर मोकळा करा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली घ्या, तासाला दहा मिनिटं चालवा आणि तेवढा वेळ एकानं जागं राहा. बाकी वेळ सगळ्यांनी मागच्या सीटवर एकमेकांना चिकटून, एकाच पांघरुणाच्या ढिगात बसायचं. काचांना आतून वर्तमानपत्रं, टॉवेल लावले की फरक पडतो.

हिवाळ्यात जाणाऱ्या डिझेल गाड्यांसाठी आणखी एक. कडाक्याच्या थंडीत साधं डिझेल मेणासारखं गोठतं आणि मग टाकीखाली शेकोटी पेटवण्याचे भयंकर प्रयोग होतात. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी आणलं. साधं डिझेल टाकीत असताना वर चढू नका, ते संपवून तिकडचं भरा.

दोर बांधताना

अखेर ट्रक आला, ड्रायव्हर उतरला, दोर निघाला. आता घाई नको. दोर बंपरला किंवा चाकाच्या दांड्याला बांधायचा नाही. गाडीच्या टूलकिटमध्ये एक जाड लोखंडी कडी असते, ती बंपरवरच्या छोट्या झाकणामागे आटे फिरवून बसते. बऱ्याच गाड्यांत ती उलट्या आट्यांची असते. फिरत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघा. ताणलेल्या दोरावर मधोमध एक जड चादर टाका, म्हणजे तो तुटला तरी सापासारखा उसळत नाही. मुलांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर उभं करा. इंजिन बंद असलेल्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, त्यामुळे ओढल्या जाणाऱ्या गाडीत घरातला सगळ्यात अनुभवी चालक बसू दे. किल्ली ‘ऑन’वर ठेवा, नाही तर स्टिअरिंगला कुलूप लागेल. तीव्र उतारावर दोरानं गाडी ओढवून घेऊच नका. तिथे तिला ट्रकवर चढवणं किंवा खालून मेकॅनिक आणणं, एवढेच दोन मार्ग.

मदत करणाऱ्यानं पैसे मागितले तर घासाघीस करू नये आणि नाही मागितले तर निदान चहा-जेवणाचं विचारावं. डिझेल त्याचं जळलेलं असतं, वेळ त्याचा गेलेला असतो आणि पुढची खिंड त्याला अंधारात ओलांडायची असते. आणि गाडी सुरू होऊन निघालात की पहिल्या ढाब्यावर, चौकीवर, जिथे जिथे चिठ्ठी पोचली असेल तिथे थांबून सांगा, की अमुक नंबरची गाडी निघाली, माणसं ठीक आहेत. नाही तर तुम्ही लेहला गरम पाण्यानं आंघोळ करत असता आणि दोन माणसं टॉर्च घेऊन खिंडीत तुम्हाला शोधत असतात.